निवृत्तीमामांची पाटी

निवृत्तीमामा खुर्चीतून उठले की आधी पाटीवर लिहायचे आणि मगच पाऊल उचलायचे. लातूरच्या एका क्लासच्या आवारात त्यांची लाकडी खुर्ची असायची. तिच्यामागे खिळ्याला लहान मुलांची काळी पाटी टांगलेली, आणि खिशात वर्गातून गोळा केलेले खडूचे तुकडे. ‘मामा गच्चीवर हाय.’ ‘मामा चहाला, समोर.’ ‘मामा टाकी बघायला.’ एकदा तर ‘मामा संडासात, पाच मिनिटं’ असंही मी माझ्या डोळ्यांनी वाचलं आहे. अकरावी-बारावीची पोरं खाली ‘मामा चंद्रावर’ असं लिहून पळायची. मामा परत आले की ते शांतपणे पुसायचे आणि लिहायचे, ‘मामा आला.’ माणूस समोर खुर्चीत बसलेला दिसतोय, तरी लिहायचे.

शिपायाला मामा म्हणायची आमच्याकडे रीतच आहे, त्यामुळे मराठवाड्यात प्रत्येक शाळेला एक मामा असतो आणि तो सगळ्या गावाचा असतो. हे मामा मात्र माझे कसे झाले ते सांगायचं तर आधी माझी लाज सांगावी लागेल. सांगतो. आता सवय झाली आहे.

मी नांदेडला पाटबंधारे खात्यात कारकून होतो. किल्लारीच्या भूकंपाला आठ-नऊ वर्षं उलटली होती आणि लातूरला क्लासचं पेव फुटलं होतं. दहावीला पोरानं जरा बरे मार्क पाडले की आईबाप त्याला उचलून लातूरला नेऊन ठेवत. आमच्या वैशालीला चांगले मार्क पडले, तशी माझी बायको सुमन तिला घेऊन लातूरला एका खोलीत राहायला गेली. एक गॅस, एक टेबल, दोन गाद्या. मी नांदेडला एकटा आणि मोकळा. प्यायचो आधीपासूनच, आता विचारणारं कुणी उरलं नाही. शनिवारी लातूरला जायचो तोही तोंडाला वास घेऊन. एका शनिवारी सुमननं दार अर्धंच उघडलं आणि हळू आवाजात सांगितलं, पोरगी आत अभ्यासाला बसली आहे, पिऊन यायचं असेल तर तिची बारावी होईपर्यंत येऊ नका. ती ओरडली असती तर मी भांडलो असतो. तिनं नुसतं दार लावलं.

त्यानंतर मला कावीळ झाली. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासण्या बघितल्या आणि औषधाच्या चिठ्ठीमागे एक पत्ता लिहून दिला. लातूर, अमुक गल्ली, क्लासच्या आवारात, रविवारी अकरा वाजता, मीटिंग. दारू सोडलेली आणि सोडू बघणारी माणसं तिथं जमतात, म्हणाले. त्यांना तेवढी एकच माहीत होती. काय करायचं असतं, मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, उभं राहून आपलं नाव सांगायचं आणि आपला आजार सांगायचा. अहमदपूर गेल्यापासून लातूर येईपर्यंत मी गाडीत ते एक वाक्य घोकत होतो.

त्या गल्लीत पोचलो आणि एका पानवाल्याला विचारलं, मीटिंग कुठं आहे? त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात करून समोरची इमारत दाखवली, पहिला मजला म्हणाला. आता लातुरात, त्या गल्लीत, त्या दिवसांत ‘मीटिंग’ म्हणजे एकच, पालकांची मीटिंग. हे पानवाल्याला ठाऊक होतं, पोराटोरांना ठाऊक होतं, फक्त मला सुचलं नाही. मी वर गेलो. भला मोठा हॉल, सत्तर-ऐंशी माणसं बसलेली, त्यात निम्म्या बायका. मांडीवर डब्यांच्या पिशव्या घेऊन बसलेल्या, घरंदाज दिसणाऱ्या. लातुरात एवढ्या बायका पितात हे बघून मी हादरलो. पण खरं सांगायचं तर थोडा धीरही आला.

पुढे एक सर उभे होते आणि एकेकाला उठवून अडचण विचारत होते. औश्याकडचे एक फेटेवाले गृहस्थ उठले. म्हणाले, ‘‘सर, लई करून बघितलं. शिकवणी बदलली, मारून बघितलं, देवाला नेलं. पण सुटत न्हाई. काय केल्या सुटत न्हाई.’’

ते पोराच्या गणिताबद्दल बोलत होते. मला ते कसं कळावं? ‘सुटत नाही’ हा एकच शब्द माझ्या कानात शिरला आणि माझे डोळे भरून आले. एवढा म्हातारा माणूस चारचौघांत उभा राहून कबूल करतो, मग आपण कशाला लपायचं? सरांनी माझ्याकडे हात केला. मी उठलो आणि घोकलेलं वाक्य खणखणीत म्हटलं, ‘‘मी दिलीप. मी दारुडा आहे. माझीही सुटत नाही.’’

त्यानंतरची शांतता मी आजही अंगावर घेऊन हिंडतो. शेजारच्या बाईनं पिशवी ओढून घेतली. मागून कुणीतरी हसलं आणि ते हसू पसरत गेलं. सरांचा हात खडूसकट वर राहिला. कुठं आलोय ते मला कळलं, पण पाय हलेनात.

तेवढ्यात दारातून आवाज आला. खाकी सदरा, डोक्यावर पांढरी टोपी, हातात पाण्याची कळशी. ‘‘सर, हे माझे पाव्हणे हायत. खोली चुकली त्यांची.’’ मग कळशी खाली ठेवून, सगळ्या हॉलकडे बघत म्हातारा म्हणाला, ‘‘मीबी त्यातलाच हाय. पाच वर्षं झाली, पेलो न्हाई.’’ हसणं थांबलं. त्यानं माझ्या दंडाला धरलं आणि जिन्यानं खाली आणलं. खाली आल्यावर पाटीवरचं ‘मामा वर, पाणी द्यायला’ पुसून त्यानं लिहिलं, ‘मामा मागच्या खोलीत.’

मागच्या खोलीत मोडके बाक रचून ठेवलेले होते आणि त्यांतल्याच दोन बऱ्या बाकांवर आठ माणसं बसली होती. मी आडनावासकट ओळख करून द्यायला लागलो. आपल्याकडे नाव सांगून भागत नाही. आडनाव विचारतात, मग गाव विचारतात, मग कुठल्या गल्लीत राहता ते विचारतात, आणि तेवढ्यात माणसाचं सगळं मोजून होतं. मामांनी मला थांबवलं. ‘‘आडनाव भाईर चपलीपाशी ठिवायचं. जाताना घिऊन जा.’’ त्या खोलीत कोण कोण होते ते मी सांगणार नाही, पण बाहेर एकमेकांच्या ओट्यावर चढली नसती अशी माणसं तिथं एका बाकावर बसून रडत होती.

त्या हॉलमधल्या बोलण्याचं मामांना काय भोगावं लागलं ते मला कितीतरी महिन्यांनी दुसऱ्यांकडून कळलं. दुसऱ्या दिवशी काही पालक तक्रार घेऊन आले. आमच्या मुली या फाटकातून ये-जा करतात आणि फाटकावर बेवडा बसवता? सरांनी मामांना बोलावलं. सर माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, मामा, पाहुण्याची खोली चुकली एवढं म्हणून भागत होतं की, स्वतःचं सांगायची काय गरज होती? मामा म्हणाले, ‘‘ते एकलेच उभे होते ना, सर.’’

त्यांना पुढच्या फाटकावरून उचलून मागच्या सायकल स्टँडवर टाकलं. खुर्ची, खिळा आणि पाटी घेऊन मामा मागे गेले; ती खुर्ची मला तिथं दिसत होतीच, पण का ते मी विचारलं नव्हतं. मी हे ऐकलं तेव्हा त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना. मी त्यांचा कुणीही नव्हतो. त्यांनी मला त्याआधी पाहिलंही नव्हतं.

पाटीचं कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं. एका रविवारी मी चेष्टेनं विचारलं, मामा, तुम्हाला कोण शोधतंय म्हणून एवढे पत्ते लिहिता? मामा हसले नाहीत. त्या दिवशी मीटिंगमध्ये त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी सांगितलं.

त्यांचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंपाच्या आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं. मामा पिऊन तर्र, घरी गेलेच नाहीत. गावाबाहेर एका बांधाला पडून राहिले. पहाटे जमीन हलली आणि मातीदगडाचं सगळं गाव खाली बसलं. मामांना जाग आली ती चांगलं ऊन वर आल्यावर. ते गावात आले तर गाव नव्हतं. त्यांचा थोरला भाऊ मामांच्या घराच्या ढिगाऱ्यावर दगड उपसत होता. मामा रोज आतल्या खोलीत झोपायचे, म्हणून तो पहाटेपासून आतली खोली उपसत होता, भावाला हाका मारत. मामा बाहेर असले की त्यांची बायको वाट बघत पुढच्या पडवीत झोपायची, तशी त्या रात्रीही झोपली होती. पडवीकडे तोवर कुणी वळलंच नव्हतं.

‘‘थोरल्यानं मला बघितलं,’’ मामा म्हणाले. ‘‘शिवी दिली न्हाई, काई न्हाई. हातात टिकाव दिला. दोघांनी मिळून पडवी उपसली. तिला काढलं तवा अंगात ऊब होती. जीव नुकताच गेल्याला. मी कुठं हाव ते कुणाला म्हाईत असतं, तर तो आदी पडवीतच लागला असता.’’ मग ते म्हणाले, ‘‘जित्या मानसानं आपून कुठं हाव ते सांगून ठिवावं. लोकं चुकीच्या जाग्याला खंदत बसत्यात.’’

गावातले लोक पुढे म्हणायचे, निवृत्तीला दारूनं वाचवलं. त्या कौतुकापायी त्यांना पाजायचे. चार वर्षं ते या एका वाक्यावर प्यायले. मग कुणीतरी त्यांनाही त्या मागच्या खोलीत आणून बसवलं.

त्यानंतर मी पाटीला कधी हसलो नाही.

माझी पाच महिने सुटली. सुमननं दार पूर्ण उघडलं. मी रविवारी वैशालीच्या वह्यांना कव्हरं घालायचो आणि त्यातच मला धन्य वाटायचं. पण रविवार ते रविवार मध्ये सहा दिवस नांदेडचे असायचे. दिवाळी झाल्यावर एका गुरुवारी ऑफिसात साहेबांनी सगळ्यांसमोर माझी फाइल फेकली, आणि संध्याकाळी मी सरळ जुन्या जागी जाऊन बसलो. शुक्रवारीही प्यायलो. रविवारी सवयीनं लातूरची गाडी पकडली, उतरलो आणि एसटी स्टँडवरच बसून राहिलो. घरी जायचं तोंड नव्हतं आणि मीटिंगच्या खोलीत तर त्याहून नव्हतं. परतीची गाडी बघत होतो.

दुपारी बाराच्या सुमाराला मामा समोर उभे. मी मीटिंगला आलो नाही म्हणून पाटीवर ‘मामा एसटी स्टँडवर’ असं लिहून ते मला शोधायला आले होते. शेजारी बसले, बिडी काढली, पेटवली नाही. कधी, एवढंच विचारलं. मी म्हणालो, गुरुवारी. मामांनी बिडी परत खिशात ठेवली.

‘‘गुरुवार वंगाळच असतो,’’ ते म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की सुमनला आजारी होतो असं सांगतो, पुढच्या आठवड्यापासून पुन्हा सुरुवात करतो. मामांनी मान हलवली. ‘‘खोटं सांगितलं तर ती बाई तुमाला भलत्याच जाग्यावर खंदत बसंल. पेलाव, तर पेलो म्हना. मग दार लावू द्या न्हाईतर उघडू द्या.’’

मी गेलो. मामा कोपऱ्यापर्यंत आले आणि तिथंच थांबले. सुमननं दार उघडलं तसं मी उंबऱ्याबाहेरूनच सांगून टाकलं, गुरुवारी प्यायलो, शुक्रवारी प्यायलो, काल आणि आज नाही. आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि मी होऊन खरं सांगायची ती पहिलीच वेळ असावी. ती म्हणाली, ‘‘आत या. वैशालीचे सराव पेपर चालू आहेत, हळू बोला.’’ मी मागे वळून बघितलं तर मामा निघून गेले होते.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता नांदेडला माझ्या भाड्याच्या घराची कडी वाजली. दारात मामा, हातात पिशवी. क्लासमध्ये रविवारी परीक्षा असायच्या म्हणून त्यांची सुट्टी गुरुवारची. म्हणाले, दोन मानसं बसली की मीटिंग होती, काढा चटई. मला वाटलं, एकदा धीर द्यायला आले असतील. त्याच्या पुढच्या गुरुवारीही कडी वाजली, आणि त्याच्याही पुढच्या. लातूर ते नांदेड चार तास त्या खडखडत्या एसटीनं, गुडघे धरलेला माणूस. आम्ही दोघंच समोरासमोर बसायचो. मी म्हणायचो, मी दिलीप, दारुडा. ते म्हणायचे, मी निवृत्ती, दारुडा. एकमेकांना शंभरदा ऐकवलेलं पुन्हा ऐकवायचो, मी खिचडी टाकायचो, आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं ते परत. सात महिने असेच गेले. त्या सात महिन्यांत तिसरं कुत्रंही फिरकलं नाही. मला चीड यायची, मामांना कधी आली नाही. मी म्हणालो, मामा, सोडून देऊ, कुणी येत नाही. ते म्हणाले, ‘‘आपुन दोघं कुणी न्हाव का?’’

मग इतवारा भागातले घड्याळजी सलीमभाई आले. दारात उभं राहून त्यांनी विचारलं, ‘‘इधरच है क्या वो, छोडने का?’’ मामांनी त्यांच्यासाठी चटईवर जागा केली. सलीमभाईंनी आणखी दोघांना आणलं, मग आणखी कुणी. बघता बघता आम्ही अकरा-बाराजण झालो. वैशाली बारावी होऊन पुढे शिकायला गेली, सुमन नांदेडला परत आली, आणि खिचडीची चव सुधारली.

मामा येतच होते. केस पिकले, गुडघे आणखी बिघडले, क्लासची नोकरी सुटली, तरी गुरुवार चुकला नाही. एकदा पावसाळ्यात ते चिंब भिजून, थरथरत आले तेव्हा मला राहवेना. मी मोठ्या शहाणपणानं म्हणालो, मामा, आता नांदेड आपल्या पायावर उभं आहे, तुम्ही एवढा त्रास काढू नका, महिन्यातून एकदा आलात तरी पुष्कळ. माझ्या मते मी त्यांच्यावर उपकार करत होतो. मामांचा चेहरा पडला. वर्गातून उठवलेल्या लहान पोरासारखे बघायला लागले. म्हणाले, ‘‘मी बोलत नसतो. बसतो नुसता. मागं बसंन.’’ सलीमभाईंनी मला कोपरानं ढोसलं. ‘‘आने दो ना मामू को. तुम्हारे बाप का क्या जाता?’’ मी त्यांना टॉवेल आणून दिला. म्हाताऱ्याला आमची माया लागली आहे, एवढाच त्याचा अर्थ मी घेतला.

नऊ वर्षं मामा आले. मग एका सोमवारी लातूरहून फोन आला की गेले, झोपेतच गेले. मला कळेपर्यंत सगळं उरकलं होतं. दहाव्याला मी आणि सलीमभाई त्यांच्या गावी गेलो. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव, सरळ रस्ते, एकसारखी घरं. थोरले भाऊ अंगणात लिंबाखाली बसले होते, ऐंशीला टेकलेले. मी नांदेडचा दिलीप असं सांगितल्यावर ते काठी टेकत उठले आणि दोन्ही हात जोडून माझ्यासमोर उभे राहिले. मी त्यांचे हात धरले, तर सोडवून घेऊन त्यांनी पुन्हा जोडले.

‘‘गुरुवारी झाला ना भूकंप,’’ ते म्हणाले. ‘‘दारू सोडली त्यानं, पर गुरुवार उजाडला की त्येला दम धरवत नसायचा. पेला न्हाई कदी, पर दर गुरुवारी वाटायचं, आज पेतो. सुट्टीबी त्यानं मुद्दाम गुरुवारची मागून घेतली. कामावर अशा वक्ताला पोरींसमोर नगं म्हनला. मी शेत टाकून लातूरला जायाचो. दिसभर त्येच्या म्होरं बसून ऱ्हायाचो. सोडून आलो अन् गेला गुत्त्यावर, तर? मग तुमचं नांदेड निघालं. पयल्या खेपंला जाऊन आला अन् मला म्हनला, दादा, गुरुवार गेला बग, कळलाबी न्हाई.’’

नऊ वर्षं मी कडी काढली, चटई टाकली, आणि माझ्यासाठी एक संत चार तासांचा प्रवास करून येतो अशा भक्तिभावानं त्यांच्याकडे बघत राहिलो. तो माणूस माझ्याइतकाच घाबरलेला होता. त्या भीतीसकट तो एसटीत बसत होता, आणि पोचल्यावर माझी भीती आधी विचारत होता. त्या पावसाळ्यात मी त्याला येऊ नका म्हणालो होतो. तो हट्टाला पेटला नसता तर मी काय करून बसलो असतो?

मी थोरल्या भावांना म्हणालो, दादा, तुम्ही हात जोडू नका, मी काही केलेलं नाही. त्यांनी मान हलवली.

‘‘असं कसं? घरात कुणीबी इच्यारलं तर तो एकच सांगायचा. नांदेडचे दिलीपराव हायत, म्हनून मी हाय.’’

नाव तेवढं बदललं, तर हेच वाक्य त्यांना सांगायला मी नांदेडहून आलो होतो.